राघूचा पाय



सहाव्या अध्यायात माउलींनी राघूचा दृष्टांत दिलाय, तो तुम्ही शंभर वेळा ऐकलेला आहे. पारध्याने दोरीत ओवलेली पोकळ नळी टांगून ठेवलेली असते. राघू येऊन तिच्यावर बसतो. त्याच्या भाराने नळी गर्रकन फिरते, राघू उलटा लोंबतो आणि भीतीनं नळी आणखी घट्ट आवळतो. त्याला वाटतं, आपल्याला कुणी बांधलं. बांधलंय कुणी? कुणी नाही! पंख मोकळे आहेत, आभाळ मोकळं आहे, पण पाय सोडत नाही. अर्धा तोडून नेला तरी सोडायचा नाही, इथपर्यंत माउली सांगतात.

हा दृष्टांत सांगता सांगता माझे केस पांढरे झाले. पण महाराज, राघूचा पाय कसा असतो हे मी नीट पाहिलं ते पनवेलला, रामनवमीच्या सप्ताहाला गेलो तेव्हा.

ज्या घरी मुक्काम होता त्या घरची दहा-अकरा वर्षांची मुलगी एक खोकं घेऊन समोर आली. खोक्यात वर्तमानपत्र, त्यावर पोपटाचं पिल्लू. पंखांच्या जागी निळसर काटे फुटलेले, चोच अंगापेक्षा मोठी. वडिलांनी रस्त्यावर एका पिशवीवाल्याकडून विकत घेतलेलं. मुलगी म्हणाली, "महाराज, हा उभाच राहत नाही." पाहतो तर पोट टेकलेलं आणि दोन्ही पाय दोन बाजूंना पसरलेले, तेलकट फरशीवर वासरू पसरतं ना, तसे. उजव्या पायाचं बोट सुजून काळंनिळं. दृष्ट लागू नये म्हणून आजीने काळा दोरा बांधला होता. पिल्लू वाढलं, दोरा काही वाढला नाही. आजीला कळलं तेव्हा ती माउली देव्हाऱ्यासमोर जाऊन बसली, कुणाशी बोलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे जनावरांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आधी दोरा ओढला नाही हं. भिंगाखाली धरून, पाण्याने भिजवून, बारीक कात्रीने एकेक पदर कापला. तुमच्यापैकी कुणाच्या पाखराच्या पायात दोरा, केस, मांजा अडकला तर ओढू नका, बोट जाईल.

मग पायांचं सांगितलं. पोपटाला दोन बोटं पुढे, दोन मागे. त्याच बोटांनी तो फांदी धरतो आणि त्याच बोटांनी पेरू उचलून तोंडाशी नेतो, आपण लाडू खातो तसा! हे पाय घडतात कुठे? झाडाच्या ढोलीत. ढोलीत लाकडाचा भुसा असतो, भावंडं खेटून बसलेली असतात, त्यामुळे पिल्लाचे पाय अंगाखालीच राहतात, रुतवून जोर द्यायला जागा मिळते. इथे काय मिळालं? गुळगुळीत कागद. हाडं अजून कोवळी. पाय घसरले ते घसरतच गेले. वर खाणं काय, तर दूधभात आणि हिरवी मिरची. मिरची खाल्ली की राघू बोलतो म्हणे! पाखराला दूध पचत नाही, आणि नुसत्या भातातून हाडाला चुना कुठून मिळणार? ऊन नाही, चुना नाही. आपल्या लेकरांना मुडदूस होतो ना, तसंच पाखराचं हाड वाकतं.

डॉक्टरांनी मऊ पट्टीने दोन्ही पाय मोजक्या अंतरावर बांधले, आणि खोलगट वाडग्यात जाड टॉवेल घालून त्यात त्याला बसवलं, म्हणजे पाय पोटाखाली राहावेत. म्हणाले, "वेळेत आणलंत. हाड पक्कं झाल्यावर आमच्या हातात फार थोडं उरतं." हे बांधणं डॉक्टरांचं काम आहे, बरं का. उद्या घरी जाऊन कुणी चिकटपट्टी काढून बसू नका.

आता कुणी म्हणेल, महाराज, आमच्याकडे लव्हबर्ड आहेत, बजरीगर आहेत. त्यांनाही पाय आहेत! पिंजऱ्यात एकाच जाडीची गुळगुळीत दांडी असली की तळव्याच्या त्याच जागी भार पडतो, तिथे लाली येते, मग जखम होते. पेरूची वेडीवाकडी फांदी धुऊन लावा, कुठे जाड, कुठे बारीक.

इथपर्यंत सोपं होतं. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "हे आपल्याकडचं रानपाखरू आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार हे विकता येत नाही, विकत घेता येत नाही, घरी पाळताही येत नाही. वनखात्याला कळवा." मुलीने वाडगं पोटाशी धरलं. वडिलांचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर म्हणाले, "महाराज, फोन केला तर मलाच धरतील. बरा होईपर्यंत ठेवतो, कुणाला कळतंय?"

मंडळी, मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण माझ्या लहानपणी आमच्या ओसरीवर पिंजरा होता. वडिलांनी राघूला विठ्ठल म्हणायला शिकवलं होतं. गणिकेने राघूला रामनाम शिकवलं आणि ती तरली, मग आपल्यालाही पुण्य, असा हिशोब. त्या राघूचा एक पाय वाकडा होता. आम्ही पोरं त्याला लंगड्या म्हणायचो आणि हसायचो. तो तसाच त्या दांडीवर बसून विठ्ठल विठ्ठल म्हणत मेला. त्याचा पाय कुणी पाहिला नाही. मीही नाही.

भागवताच्या पाचव्या स्कंधातला भरतराजा आठवा. राज्य सोडलं, बायकामुलं सोडली, गंडकीच्या तीरी तप करत बसला. सिंहाच्या डरकाळीने गाभण हरिणीने उडी मारली, पाडस प्रवाहात पडलं, ती बिचारी मेली. राजाने पाडस उचललं. चुकलं का? बिलकुल नाही! न उचलता जप करत बसला असता तर त्या जपाला मी शून्य गुण दिले असते. चुकलं ते पुढे. पाडसाला पाय फुटले, ते रानाकडे बघायला लागलं, आणि राजा त्याची वाट बघायला लागला. शेवटच्या श्वासालाही हरिणच डोळ्यांपुढे, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. राज्य सुटलं, हरिण सुटलं नाही. नळीवर कोण बसलं होतं, सांगा!

त्या बापाला मी एवढंच म्हटलं, "चूक घेण्यात झाली, आता देण्यात करू नका. मी शेजारी बसतो." संध्याकाळी कीर्तनाआधी वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन लावला. त्यांचा हात थरथरत होता. माणसं आली, विचारपूस केली, कागदावर लिहून घेतलं, आणि डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी जपून घेतली. आजीने पिल्लावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. दोरा नाही बांधला. मुलगी जेवली नाही त्या रात्री. कीर्तनाला पहिल्या रांगेत बसली होती, आणि नळीचा दृष्टांत त्या दिवशी माझ्याच्याने सांगवेना.

आषाढीच्या वाटेवर असताना तिच्या वडिलांचा फोन आला. डावा पाय सरळ झालाय, उजवा किंचित बाहेर पडतो, एक बोट आखूड राहिलं. उडतो चांगला. फांदीवरची पकड वाऱ्यात टिकते का, ते बघून सोडायचं ठरवणार आहेत. मग मुलीने फोन घेतला.

"महाराज, सोडल्यावर तो मला ओळखेल का?"

म्हटलं, "बाळ, न ओळखलेलंच त्याच्या भल्याचं."

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "चालेल. मी ओळखीन त्याला. पायावरनं."

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!