नोकरीच्या शोधातील दिवस

(कल्याण येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



नोकरी कोठे आहे व ती कशी मिळवावी, हे सांगणारे पुष्कळ असतात. परंतु ती मिळेपर्यंतचे सहा महिने, वर्ष किंवा दोन वर्षे तरुणाने कशी काढावीत, याविषयी फारसे बोलले जात नाही. वास्तविक खरी हानी होते ती याच काळात. म्हणून आज या दिवसांविषयीच काही विचार आपणांपुढे मांडावेत, असे मी योजिले आहे.

१८५४ साली आगगाडी ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत आली. पुढे कसारा आणि कर्जत या दोन्ही बाजूंचे मार्ग येथे मिळाले आणि चोपन्न किलोमीटरवरील मुंबईची चाकरी या शहराच्या अंगवळणी पडली. येथील घराचा दिवस गाडीच्या वेळेने चालतो. डबा कधी भरायचा, दिवा कधी मालवायचा, हे सारे गाडीच ठरविते. अशा घरात ज्याला कोणतीही गाडी गाठावयाची नाही, त्या मुलाची अवस्था आपण ध्यानात घ्यावी. सर्व माणसे कामावर गेल्यानंतर तो उठतो. "सध्या काय करतोस?" हा प्रश्न टाळण्यासाठी ओळखीच्या रस्त्याने जाणे सोडतो. लोक त्याला आळशी म्हणतात. तो बहुधा आळशी नसतो. त्याच्या दिवसाचा आधार सुटलेला असतो.

हे केवळ माझे अनुमान नव्हे. ऑस्ट्रियात व्हिएन्नानजीक मारिएन्थाल नावाचे एक गाव आहे. तेथील कापड गिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली व जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझारस्फेल्ड व हान्स झाइझेल या अभ्यासकांनी त्या गावाची बारकाईने पाहणी करून १९३३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, लोकांना वेळ मुबलक मिळाला, वाचनालयाची वर्गणीही माफ झाली. तरीसुद्धा वाचनासाठी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत सुमारे निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले. सकाळपासून काय केले, हे त्यांना नीट सांगता येईना. स्त्रियांचीही गिरणीतील नोकरी गेली होती; परंतु घरकामाच्या वेळा ठरलेल्या असल्यामुळे त्यांचा दिवस असा विस्कटला नाही. केवळ रिकामा वेळ माणसाला उभारी देत नाही. बांधलेला वेळ देतो, हाच याचा अर्थ.

कल्याणला हे चित्र परके नाही. मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना २००९ साली बंद झाला. त्या वेळी हजारो कुटुंबांची अन्नाची चिंता तर वाढलीच. शिवाय पाळीच्या वेळेवर चालणारे त्यांचे जीवनही थांबले.

यास्तव नोकरीचा शोध हेच एक काम समजावे आणि कामाला असते तशी त्याला वेळ, जागा व नोंदवही असावी. रोज सकाळी ठराविक वेळी घराबाहेर पडून तीन-चार तास या कामाला द्यावेत. जागेसाठी दूर जाण्याचे कारण नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे. प्रशासकीय सेवांच्या परीक्षा देणाऱ्यांसाठी ठाण्यात महानगरपालिकेची चिंतामणराव देशमुख यांच्या नावाची संस्था आहे.

नोंदवहीत अर्जाची तारीख, पद, कार्यालय, माहिती कोणाकडून मिळाली आणि पुन्हा चौकशी केव्हा करावयाची, एवढे रकाने पुरेत. दिवसअखेर "नोकरी मिळाली का?" असे स्वतःला विचारल्यास उत्तर बहुतेक दिवशी नकारार्थीच येणार. "आज ठरविलेले काम झाले का?" असे विचारावे. नोकरी देणे दुसऱ्याच्या हाती आहे. अर्ज वेळेवर धाडणे आपल्या हाती आहे. नकाराची नोंदही निःसंकोच करावी. दहा नकार एकत्र पाहिले म्हणजे कोठे कमी पडतो, ते कळते.

दाखल्यांची व्यवस्था आधीच करावी. अधिवास, जात आणि उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र यांसाठी जाहिरात येईपर्यंत थांबणे म्हणजे हातची संधी घालविणे होय. या शेवटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, हेही विसरू नये. 'महास्वयम्' संकेतस्थळावरील नावनोंदणी अद्ययावत ठेवावी. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यापासून मात्र दूर राहावे.

आणखी एक गोष्ट. शासकीय सेवाप्रवेशाची कमाल वयोमर्यादा २०१६ साली खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे करण्यात आली. ही सवलत आहे. तेवढी वर्षे वाट पाहण्याची शिफारस नव्हे. परीक्षेचा अभ्यास करतानाच दुसरी वाटही चालू ठेवावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेल्यांना आणि पदवीधरांनाही विद्यावेतनासह प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळू शकतो.

हा शोध एकट्याने करू नये. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मानसशास्त्रज्ञ नेथन अझ्रिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेकारांचा एक गट चालविला. सभासद रोज एकत्र येत, रिकाम्या जागांची माहिती एकमेकांस देत आणि जोडीने तयारी करीत. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांत त्यांपैकी ९२ टक्क्यांना काम मिळाले. गटाबाहेर शोध घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांना. देश वेगळा, काळ वेगळा. हेच आकडे येथे येतील असे नव्हे. तथापि सोबतीचे बळ त्यांवरून स्पष्ट होते.

येथेच आपले कर्तव्य सुरू होते. नियमितपणामुळे नव्या जागा निर्माण होत नाहीत, हे मी जाणतो. ते काम शासनाचे व उद्योगांचे आहे आणि त्याची जबाबदारी तरुणाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. परंतु जागा निघेल तेव्हा आपला तरुण उभा असावा, खचलेला नसावा, एवढे आपण नक्की पाहू शकतो. ग्रामपंचायतीने सकाळी एक खोली उघडून द्यावी, फलकावर जाहिराती त्यांच्या शेवटच्या तारखेसह लावाव्यात. शिक्षकांनी आठवड्यातून एक तास आपल्या माजी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासून द्यावेत. दाखले देणाऱ्या अधिकाऱ्यांनी एका फेरीत काम होईल असे पाहावे; बेकाराला गाडीभाडेही जड असते. मुलींना या खोलीत निर्धास्तपणे बसता येईल, याची विशेष काळजी घ्यावी, कारण घरी त्यांच्या शोधाला काम मानलेच जात नाही.

आणि तो तरुण रस्त्यात भेटला, तर "नोकरी लागली का?" असे विचारू नये. "आज कोठे अर्ज केलास?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने तो मान खाली घालतो. दुसऱ्याला त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही असते.