एंजिनाचा श्वास

मोटारीच्या शक्तीची चर्चा निघाली म्हणजे प्रथम पेट्रोलाचें नांव येतें. वाऱ्याची आठवण फारशी कोणास होत नाहीं. वस्तुतः एंजिनाचा मुख्य आहार वारा हाच होय. एक किलो पेट्रोल पुरतेपणीं जळावयास सुमारें पावणेपंधरा किलो हवा लागते. ही हवा कार्बुरेटरांतून पेट्रोलाचे तुषार घेऊन निघते आणि फाटे फुटलेल्या एका ओतीव नळींतून प्रत्येक सिलिंडराच्या झडपेपाशीं पोंचते. या नळीस इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. जुनी मोटार जपणाऱ्या हौशी मनुष्यास केव्हां ना केव्हां असा मोह होतोच कीं, मूळची बिडाची नळी काढून तिच्या जागीं रुंद तोंडाची, अॅल्युमिनिअमची नवी नळी बसवावी. हा मोह कितपत मानावा, हें ठरविण्यापूर्वीं एंजिनाच्या श्वासाचा थोडा विचार अवश्य आहे.

फोर-स्ट्रोक एंजिनांत क्रँक दोनदां फिरला म्हणजे प्रत्येक सिलिंडर एकदां श्वास घेतो. ५.७ लिटरांचें एंजिन मिनिटास ५,५०० फेरे करूं लागलें, तर तें पूर्ण भरावयास मिनिटाकाठीं पंधरा हजार लिटरांहून अधिक हवा हवी. तेंच एंजिन १,५०० फेऱ्यांवर असतां ही गरज साडेचार हजारांच्याही खालीं येते. नळी मात्र तीच. तिचा व्यास दीडपट केला तर तोंड सव्वादोनपट होतें, आणि तितकीच हवा निम्म्याहूनही कमी वेगानें वाहूं लागते. ओढ्यास पूर असतां गाळ वाहून जातो, पाणी संथ झालें कीं तो तळाशीं बसतो. पेट्रोलाच्या तुषारांचेंही तसेंच आहे. हवा रेंगाळली कीं ते नळीच्या भिंतीस चिकटतात, सिलिंडरास पातळ मिश्रण मिळतें आणि एंजिन अडखळतें. उलटपक्षीं, लांब व बेताच्या नळींत हवेस वेग राहतो. दट्ट्याची ओढ संपल्यावरही ती आपल्या जोरानें कांहीं क्षण आंत घुसत राहते. म्हणून मोठी नळी ती चांगली नळी, हा समज अर्धाच खरा.

हा प्रयोग अमेरिकेंत फार झाला. फोर्ड कंपनीनें १९३२ सालीं आठ सिलिंडरांचें स्वस्त एंजिन काढलें. तेव्हां त्याची शक्ति ६५ अश्वशक्ति होती. कॅलिफोर्नियांतील व्हिक एडलब्रॉक यांनीं पुढें त्याच एंजिनासाठीं स्वतःच्या रचनेचा मॅनिफोल्ड ओतला आणि त्यांतून एक मोठा धंदा उभा राहिला. १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून तिकडे 'मसल कार'चें युग सुरू झालें असें मानतात. मध्यम आकाराची गाडी आणि तिच्या पोटांत दांडगें एंजिन, हें तिचें लक्षण.

या एंजिनांसाठीं मुख्यतः दोन जातींचे मॅनिफोल्ड मिळतात. पहिल्यांत दोन दालनें असतात. श्वास घेण्याच्या क्रमांत आळीपाळीनें येणारे चार-चार सिलिंडर एकेका दालनास जोडलेले असल्यामुळें एकाचा घांस दुसरा पळवीत नाहीं आणि नळ्याही लांब राहतात. असा मॅनिफोल्ड साधारणतः मंद गतीपासून ५,५०० फेऱ्यांपर्यंत उत्तम चालतो. दुसऱ्या जातींत एकच मोठें दालन व आंखूड सरळ नळ्या. तो साडेतीन हजारांच्या पुढें रंगांत येतो. शर्यतीच्या मैदानांत दुसरा श्रेष्ठ. परंतु शहरांतल्या थांबत्या वाहतुकींत, वा चढावर भार ओढतांना, पहिलाच खरा मित्र ठरतो.

हा न्याय महाराष्ट्रांतील जुन्या जीपसही लागू पडतो. महिंद्र कंपनीनें विलिस जीपची जुळणी मुंबईंत सुरू केली, तेव्हांच्या २.२ लिटरांच्या एंजिनाची शक्ति ६० अश्वशक्ति होती. त्याच्या झडपा बाजूस असून इनटेक व एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांस बोल्टांनीं जखडलेले असत; एक्झॉस्टच्या आंचेनें आंत येणारें मिश्रण ऊब घेई. १९५० मध्यें विलिसच्या इंजिनिअरांनीं त्याच आकाराच्या एंजिनांत इनटेकची झडप वर नेऊन मोठी केली आणि मॅनिफोल्ड हेडच्या ओतकामांतच घालून त्याभोवतीं गरम पाणी खेळविलें. शक्ति सत्तरीच्या वर गेली. मात्र सर्वांत अधिक ओढ दोहोंतही २,००० फेऱ्यांच्या आसपासच राहिली. श्वास सुधारला, पण कामाची गति बदलली नाहीं. एंजिन उंच झाल्यामुळें पुढील सीजे-३बी जीपचें बॉनेट मात्र उंच करावें लागलें. मॅनिफोल्ड विकत घेण्यापूर्वीं बॉनेटखालची जागा मोजावी, हा धडा त्यांतच आहे.

आतां जालना जिल्ह्यांतील अंतरवाली सराटीसारख्या, धुळें–सोलापूर महामार्गाजवळच्या गांवीं अशी एखादी पेट्रोल जीप कोणी जपली आहे अशी कल्पना करावी. तिला काळ्या रानांतील चिखलवाटेनें मोसंबीच्या पेट्या ओढावयाच्या आहेत. ती ४,००० फेऱ्यांवर किती वेळ राहणार? तिचें आयुष्य हजार ते अडीच हजारांच्या दरम्यान जाणार. तिला रुंद मॅनिफोल्ड लावणें म्हणजे बैलाच्या पायांत शर्यतीच्या घोड्याचे नाल ठोकणें. त्या पैशांत मूळ मॅनिफोल्डचें गॅस्केट बदलावें, तडे व वाऱ्याची गळती तपासावी, एअर फिल्टर धुवावा आणि कार्बुरेटर साफ करावा. हरपलेली शक्ति बहुधा येथेंच सांपडते.

आणखी एक नवी अडचण आहे. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठलें गेलें. उसापासूनही होणाऱ्या या इथेनॉलास वाफ होण्यासाठीं पेट्रोलाच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. आणि त्यास हवा कमी लागत असल्यामुळें जुन्या जेटमधून येणारें मिश्रण पातळ पडतें. सबब मॅनिफोल्डची ऊब काढून टाकणारा बदल आज पूर्वींपेक्षां अधिक जपून करावा.

कायद्याचेंही भान असावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाहनांतील फेरबदलांस मर्यादा घालतें. आणि २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद व्हावयाची, तर एंजिनासह तिचें मूळ रूप राखलेलें असावें लागतें. म्हणून ज्यानें बदल केलाच, त्यानें काढलेला मूळ भाग भंगारांत घालूं नये. तेल लावून, गुंडाळून ठेवावा.

सारांश, मॅनिफोल्ड निवडतांना पहिला प्रश्न किती अश्वशक्ति वाढेल हा नसून, हें एंजिन बहुतेक वेळ कोणत्या गतीनें काम करतें हा आहे. त्याचें प्रामाणिक उत्तर मिळालें म्हणजे नळीची निवड आपोआप होते. आणि पुष्कळ वेळां जी नळी आधींपासून बसविलेली आहे, तीच योग्य ठरते.