उजवा कोपरा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. मी म्हटलं, पन्नाशीकडे निघालेल्या माणसांना आता कसल्या संधी सांगायच्या? त्यापेक्षा मी कबड्डीवर बोलते.

मुलींच्या कबड्डी संघात मी होते, हे तुमच्यापैकी किती जणांना आठवतंय माहीत नाही. नसेल आठवत तर तुमची चूक नाही. मी चढाईला कधी जायचेच नाही. उजव्या कोपऱ्यावर जी उभी असायची, तिचा हात धरून शेजारी मी उभी असायचे. टाळ्या चढाईला. कोपऱ्याकडे लोक बघतात ते पकड सुटल्यावर.

हे पुन्हा आठवलं ते प्रो कबड्डीमुळे. ही लीग 2014 साली सुरू झाली आणि आमच्या घरी जेवणाच्या वेळा बदलल्या. एकदा माझा मुलगा टीव्हीकडे बघत म्हणाला, "आई, हा कोपऱ्यातला तर नुसताच उभा आहे!" तो नुसताच उभा असलेला खेळाडू होता शुभम शिंदे. आपल्याच जिल्ह्यातला, चिपळूणजवळच्या कोळकेवाडीचा. कोयनेच्या वीजप्रकल्पाच्या धरणासाठी आपण ओळखतो ती कोळकेवाडी. तिथून निघून तो बंगाल वॉरियर्सकडून, पाटणा पायरेट्सकडून उजव्या कोपऱ्यावर खेळला. 2024 च्या हंगामासाठी पाटण्याने त्याला कर्णधार नेमलं. त्या हंगामात संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि पुण्यात हरियाणा स्टीलर्सकडून 32-23 असा हरला.

मुलाला मी समजावलं ते तुम्हालाही सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. चढाई करणाऱ्याला एका दमात तीन-चार गुणही मिळतात. पकड करणाऱ्याला मिळतो एक. आपल्या बाजूला तीन किंवा कमी खेळाडू उरलेले असताना पकड केली, तर 'अव्वल पकड' म्हणून एक जास्त. चढाईपटूने सामन्यात दहा गुण केले की त्याचं कौतुक होतं, बचावपटूचं पाचाला. आणि पकड फसली, तर जितक्यांचा स्पर्श झाला तितके बाद. म्हणजे बचावपटूची सगळी कारकीर्द एकेका गुणाने जमवायची आणि एका चुकीने चर्चेत यायची.

गिरीश इरनाकचं 2018 हे एकच वर्ष बघा. ठाणे जिल्ह्यातला हा डावा कोपरा. त्या जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला 34-29 हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात तो होता. ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तो भारताकडून खेळला आणि उपांत्य फेरीत इराणने आपल्याला 27-18 असं हरवलं. 1990 पासून पुरुषांचं सुवर्ण प्रत्येक वेळी आपलंच होतं, ते तिथे गेलं. दोन महिन्यांनी तोच गिरीश पुणेरी पलटणचा कर्णधार म्हणून मॅटवर उभा. इराणच्या त्या संघातला फझल अत्राचली हाही डावा कोपराच. प्रो कबड्डीच्या लिलावात एक कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठला तो त्याने, त्याच वर्षी. कोपऱ्यावर उभं राहण्याचे एक कोटी! आपल्या वेळी खेळून फार तर रेल्वेत, पोलिसांत, बँकेत नोकरी मिळायची, तीही बहुतेक मुलांना. मुलींचं चित्र आजही फारसं वेगळं नाही. 2016 मध्ये महिलांसाठी तीन संघांची छोटी स्पर्धा झाली होती, पण पुरुषांच्या लीगइतकी ती रुजली नाही.

आता माझ्या कामाबद्दल दोन वाक्यं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण नवं काही बनवण्यापेक्षा चालू असलेलं बंद पडू न देणं हे माझं काम. वर्षभर सगळं सुरळीत चाललं, तर मी काय करते हा प्रश्न पडतो. रात्री दोनला काही बंद पडलं, की सगळ्यांना माझा नंबर आठवतो. थोडक्यात, मी अजून कोपऱ्याच्या शेजारीच उभी आहे.

या कामात एक शिस्त आहे. बिघाड दुरुस्त झाला की काय घडलं, कुणी काय केलं, ते सरळ लिहून काढायचं. कुणावर ठपका ठेवण्यासाठी नाही, पुन्हा घडू नये म्हणून. अशी टिपणं मी वीसेक वर्षांत पुष्कळ लिहिली. एक राहून गेलं होतं. ते आज वाचते.

नववीतला जिल्हास्तरीय सामना, चिपळूणला. आपण एसटीने गेलो होतो. शेवटची दोन मिनिटं, एका गुणाने आपण मागे. समोरची उंच मुलगी चढाईला आली. आमच्या उजव्या कोपऱ्याने अगदी वेळेवर तिचा घोटा धरला. आता मी पुढे होऊन तिला अडवायचं, एवढंच माझं काम. रोज संध्याकाळी लाल मातीत आम्ही तेच करायचो. पण त्या मुलीचा गुडघा माझ्या तोंडाशी येताना दिसला आणि मी हात सोडवून घेतला. मागे सरकले. घोटा धरलेली एकटी मध्यरेषेपर्यंत फरफटत गेली. आपण हरलो.

परतीच्या एसटीत सगळ्या म्हणाल्या, "तिने घाई केली." तिचं कोपर सोललेलं होतं, ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी तिच्या शेजारीच बसले होते आणि गप्प बसले. दहावीत ती संघात आली नाही. अभ्यासाचं कारण सांगितलं तिने. मी खोदून विचारलं नाही, कारण विचारायची माझी हिंमत नव्हती.

तिने घाई केली नव्हती. हात मी सोडला होता.

ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेत नाही, तिला आवडायचं नाही. सकाळी चहाच्या वेळी भेटलो, मुलांची चौकशी केली, तेव्हाही माझ्या तोंडून हे निघालं नाही. म्हणून माईकवर सांगते. त्या वेळी त्या एसटीत जितक्या जणींनी ते वाक्य ऐकलं, त्यातल्या बऱ्याच जणी इथे आहेत, तेव्हा दुरुस्तीही त्यांच्यासमोरच व्हायला हवी.

एक विनंती करून थांबते. आपल्या बॅचच्या निधीतून यंदा काय करायचं, ते दुपारी ठरणार आहे. मुलींच्या संघासाठी मॅट घ्यावी असं मला वाटतं. माझा वाटा मी देईनच. पण मॅट आली की पहिल्या दिवशी मुलींना साखळी कशी धरायची, ते मी शिकवणार नाही. ते तिने शिकवावं.