फळांची पेटी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून दूरचित्रवाणीवरील एका विनोदी मालिकेविषयी बोलावयाचे, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्यांची क्षमा मागून सुरुवात करतो. विषय तसा जुनाच आहे: आईबापांचे प्रेम, आणि ते सोसणारी मुले.

'एव्हरीबडी लव्ह्ज रेमंड' ही अमेरिकन मालिका १९९६ पासून २००५ पर्यंत चालली. तिचे २१० भाग झाले. रे बॅरोन हा क्रीडापत्रकार न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बायको डेब्रा आणि तीन मुलांसह राहतो. रस्ता ओलांडला की समोर त्याच्या आईवडिलांचे घर. आई मरी, वडील फ्रँक; शिवाय पोलिसात असलेला थोरला भाऊ रॉबर्ट. ही मंडळी वर्दी न देता केव्हाही आत येतात. मरीच्या हाती बहुधा काहीतरी शिजवलेले असते, फ्रँकच्या तोंडी कोणाचा तरी पाणउतारा. आपल्याकडची एखादी सून म्हणेल, मध्ये अख्खा रस्ता असताना हिची तक्रार कसली? आमच्याकडे मध्ये एक पडदा होता!

पहिल्याच भागातला एक प्रसंग सांगतो. रेने आईसाठी दरमहा निरनिराळ्या फळांची पेटी घरपोच मिळावी म्हणून वर्गणी भरली आहे. पहिली पेटी नासपतींची येते आणि म्हातारी हवालदिल होते. एवढ्या फळांचे करावयाचे काय? स्नेह्यांना द्यावीत, तर ते आपली फळे आपण आणतात. पुढच्या महिन्यात आणखी एक पेटी येणार, हे कळल्यावर तर तिच्या तोंडचे पाणीच पळते. आम्ही काय पांगळे झालो, आम्हाला फळे आणता येत नाहीत, असा तिचा सवाल असतो. मुलगा बिचारा चकित. मालिकेचे निर्माते फिल रोझेन्थाल यांनी हा प्रसंग आपल्या आईवडिलांवरून घेतला. आपण पाठविलेल्या पेटीने त्यांच्या घरी खरोखरच असा हलकल्लोळ उडाला होता, हे त्यांनीच सांगितले आहे.

आम्ही प्रथम हे पाहिले तेव्हा पोट धरून हसलो. मागाहून मात्र त्या बाईच्या चेहऱ्यावरची भीती आठवू लागली. डोरिस रॉबर्ट्स या अभिनेत्रीला या भूमिकेसाठी चार वेळा एमी पारितोषिक मिळाले, ते उगीच नव्हे. मरीचे सारे राज्य तिच्या हातातल्या त्या भांड्यावर चालते. सुनेच्या स्वयंपाकाला नावे ठेवावयाची, मुलाच्या पानात आपले वाढावयाचे. देणाऱ्याचा हात वर. पेटी आली आणि तो हात खाली आला. आता घेणारी ती झाली, म्हणजेच म्हातारी झाली.

पहिल्या पगारातून आम्ही आईला एक महेश्वरी पातळ आणले होते. "कशाला रे एवढा खर्च केलास?" म्हणून तिने ते ट्रंकेत ठेवले आणि वर आमच्याच हातावर दहा रुपये ठेवले. आमचे लग्न झाल्यावर पहिल्या पाडव्याला ते पातळ तिने सुनेला दिले. बायकोने विचारले, किती सुरेख, कुठून आणले? आईने आमच्याकडे पाहिले. आम्ही वर्तमानपत्र वाचत होतो.

रेसुद्धा नेहमी हेच करतो. मालिकेचा खरा अपराधी तोच आहे, असे आमचे मत झाले आहे. आईचे जेवण त्याला हवे, बायकोचा रागही त्याला समजतो. पण दोघींच्या मध्ये उभे राहण्याची वेळ आली की तो विनोद करतो. त्याच्या भ्याडपणाची किंमत डेब्रा मोजते.

ही गोष्ट रशियात गेली. २००९ पासून 'वोरोनिनी' या नावाने ती तेथे दीर्घकाळ चालली. २०१५ साली हिंदीत 'सुमित संभाल लेगा' आली. तीत आईचे काम आपल्या भारती आचरेकरांनी, माणिक वर्मांच्या कन्येने, केले. ती आई पंजाबी असली तरी आम्हाला मुळीच परकी वाटली नाही.

आता एक कबुली. आमचा मुलगा न्यू जर्सीत असतो. गेल्या आठवड्यात दारात हापूसची पेटी आली; चार डझन. त्याने तिकडून फोनवरच पैसे भरून मागविली होती. आम्ही ताबडतोब त्याला फोन लावला, आणि काय बोललो असू? "एवढे आंबे कोण खाणार? आम्हाला काय मंडईत जाता येत नाही?" पलीकडे जरा वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "बरं बाबा." सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळपर्यंत चहा मिळाला नाही.

रात्री पुन्हा फोन करून आंबे गोड आहेत असे सांगितले. तोपर्यंत एकही कापला नव्हता. दुसऱ्या दिवशी डझनभर पिशवीत घालून शेजारी द्यावयास गेलो, तर त्यांच्या दाराशी तशीच पेटी. त्यांची मुलगी टोरोंटोला असते.