दुसरा डाव मला आठवत नाही
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपण भेटलो की एक गोष्ट निघतेच. १९९५ साल, आपण नववीत, दौंडला तालुक्याचे कबड्डीचे सामने. मी चढाईला गेले, चौघींनी साखळी करून मला पकडलं आणि मी डोक्यावर आपटले. तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून हुंगवला आणि मी पुन्हा मैदानात उतरून दोन गुण आणले. आपण जिंकलो. आजही सकाळी चहाच्या वेळी ती गोष्ट निघाली आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

आज तीस वर्षांनी एक कबुली देते. तो दुसरा डाव मला आठवत नाही. दोन गुण मी आणले हे मला तुमच्याकडूनच कळलं. पडल्यानंतरचं जे आठवतं ते थेट परतीच्या टेम्पोतलं. तुम्ही गाणी म्हणत होता आणि मला उलटी होत होती. पुढचे पंधरा दिवस बीजगणिताचं पुस्तक उघडलं की डोकं ठणकायचं. घरी वाटलं, उन्हाचा त्रास असेल.

यात कोणाचाही दोष नव्हता. सर इथे समोर बसलेत, त्यांनी तेव्हा पोटच्या मुलीसारखी काळजी घेतली. समोरच्या मुलींनी नियमात बसणारीच पकड केली होती. त्यातल्या एकीने माझ्या अंगावरची माती झटकली, एवढं मात्र आठवतं.

आपला खेळ अंगाला अंग भिडवण्याचाच आहे. सात जणींच्या अंगणात एकटीने दम धरून जायचं आणि परत यायचं. म्हणूनच नियम त्या एकटीला जपतात. तिचं तोंड दाबायचं नाही, गळा धरायचा नाही, पायांची कैची घालायची नाही, इजा होईल अशी धसमुसळी पकड करायची नाही. चुकलात तर हिरवं, पिवळं, लाल कार्ड आहे. मारामारी आणि खेळ यांच्यातली रेघ कबड्डीने छान आखली आहे. पण स्वच्छ पकडीतही माणूस डोक्यावर पडतो. तिथे कार्ड कोणाला दाखवणार?

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि हा खेळ घराघरात दिसू लागला. १ मार्च २०२४ ला हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवलं, तेव्हा मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ओरडून शेजाऱ्यांना जागं केलं. कर्णधार अस्लम इनामदार आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला. पुढच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने त्याला बाहेर बसावं लागलं. गुडघा दुखावला की दिसतो, माणूस लंगडतो. डोक्याचा मार दिसत नाही.

क्रिकेटचं उदाहरण सांगते. ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो बाहेर गेला, तपासणीत ठीक ठरला, पाऊण तासाने परत येऊन खेळला. दुसऱ्या दिवशी त्याला त्रास जाणवू लागला आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन आला. डोक्याला मार लागलेल्याच्या जागी बदली खेळाडू घेण्याचा नियम तेव्हा नुकताच आला होता. इतके डॉक्टर हाताशी असूनही लक्षणं उशिरा दिसली. आपल्याकडे तर कांदा होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. यंत्रणा बिघडली की 'तू ठीक आहेस का' हे आम्ही त्याच यंत्रणेला विचारून थांबत नाही, बाहेरून तपासतो. मला तेव्हा विचारलं होतं, "बरं वाटतंय ना?" मी 'हो' म्हणाले. ज्या डोक्याला मार लागला होता, त्याच डोक्याने ते उत्तर दिलं होतं. आणि चौदा वर्षांची कोणती मुलगी, सगळी शाळा बघत असताना, 'नाही' म्हणेल?

आता मुद्द्याचं. आपल्या तुकडीने शाळेला कबड्डीची मॅट द्यायचं ठरवलंय. मी माझा वाटा दिलाय, मॅट यायलाच हवी. आपण फक्कीने आखलेल्या मातीत खेळलो, फिरंगाईचा डोंगर पळत चढून दम वाढवला. आताच्या मुलींना मॅटची सवय नसेल तर पुढच्या पातळीवर त्या मागे पडतील. पण मॅटसोबत आणखी तीन गोष्टी द्यायच्या, असं माझं मागणं आहे.

एक, शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण. खर्च आपला. दोन, सामन्याच्या वेळी दौंडच्या दवाखान्यात नेण्यासाठी एक गाडी तयार. कुरकुंभमध्ये आपल्यापैकी कितीतरी जणांच्या दारात आज गाडी आहे. तीन, याला पैसा लागत नाही पण हे सगळ्यात अवघड आहे. डोक्याला मार लागला, क्षणभर जरी शुद्ध हरपली किंवा मुलगी गोंधळल्यासारखी वागली, तर त्या दिवशी ती पुन्हा खेळणार नाही. तिने कितीही गयावया केली तरी नाही. सामना हातचा गेला तरी नाही. उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर थेट दवाखाना. संघात सात खेळतात आणि पाच राखीव असतात, ते याचसाठी.

सर, माझी एक विनंती आहे. ही तिसरी गोष्ट मुलींना तुम्ही सांगा. तुमचा शब्द शाळेत अजून चालतो.

आणि मित्रमैत्रिणींनो, ती गोष्ट पुढच्या मेळाव्यातही जरूर सांगा. फक्त शेवटी एवढं जोडा, की तिला त्या दिवशी बाहेर बसवायला हवं होतं. जी मुलगी बाहेर बसेल, तिच्यासाठीही टाळ्या वाजवायला आपण शिकूया.