राजनांदगावचा लेखक

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्याच्या आदल्या वर्षी, त्याच लोहमार्गावर पश्चिमेस असलेल्या राजनांदगावी एक मराठी गृहस्थ हिंदीचे प्राध्यापक म्हणून आले. ते गजानन माधव मुक्तिबोध. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कादंबऱ्या लिहीत. यांनी लेखणी हिंदीस वाहिली.

दिग्विजय महाविद्यालयाच्या आवारात, तळ्याकाठच्या जुन्या वास्तूत त्यांचे बिऱ्हाड होते. वर जावयास चक्करदार जिना. दिवसा अध्यापन, रात्री लेखन; विरंगुळा म्हणावा तर विडी, चहा आणि न संपणाऱ्या चर्चा. एकेक कविता वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लिहिली जाई. पानांचा हिशेब मांडणाऱ्यास ही प्रगती वाटणार नाही. पण वाचलेले मुरावयास वेळ हा लागतोच. त्या वाचनातून एक पुस्तक मात्र वेळेवर पुरे झाले: विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला भारताचा इतिहास. नेमक्या त्याच पुस्तकावर १९६२ साली मध्यप्रदेश शासनाने बंदी घातली. हा घाव वर्मी बसला.

११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्याच वर्षी निघाला, पण तो त्यांना पाहावयास मिळाला नाही. एका शिक्षणसंस्थेतील माणसांवरची त्यांची छोटी कादंबरी ‘विपात्र’ छापून आली, ती १९७० साली.