न्यायासनाच्या पायऱ्या



लखनौच्या चारबाग स्थानकाच्या आजच्या भव्य वास्तूची पायाभरणी 1914 मध्ये झाली. त्यापूर्वी, डिसेंबर 1899 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती सामाजिक परिषदेसाठी या शहरी आले होते. हिंदू व मुसलमान यांनी परस्परांच्या साहाय्यानेच पुढे जावे, असे त्यांनी येथे प्रतिपादिले. ते महादेव गोविंद रानडे. त्या पदापर्यंतची त्यांची वाट आजच्या मुलांनीही जाणून घ्यावी अशी आहे.

रानड्यांचे आरंभीचे शिक्षण कोल्हापूरच्या मराठी शाळेत झाले. 1866 मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली आणि 1871 मध्ये ते पुण्यास प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीश झाले. सार्वजनिक सभेतील त्यांच्या कार्यामुळे सरकारचा संशय वाढला. प्रथम नाशिकला आणि 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या दिवसांत, धुळ्यास त्यांची बदली झाली. तेथे त्यांची पत्रेही फोडून पाहिली जात. तरी त्यांनी न्यायासन सोडले नाही आणि लोककार्यही सोडले नाही.

1875 च्या दंग्यांनंतर दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी 1879 चा कायदा झाला होता. त्याखालील न्यायालयांच्या तपासणीचे काम रानड्यांकडे आले. 1887 मध्ये ते विशेष न्यायाधीश झाले. गावोगावच्या फिरतीत कुळ, सावकार आणि कर्जरोखा यांचा खरा संबंध त्यांना प्रत्यक्ष पाहता आला.

1893 मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग निवर्तले व त्यांच्या जागी रानडे आले. तेलंग वकिलीतून थेट उच्च न्यायालयात गेले होते. रानडे बावीस वर्षे खालच्या पायऱ्या चढून आले. आपल्या राज्यघटनेने हे दोन्ही मार्ग खुले ठेवले आहेत. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, ही आजची पहिली पायरी. तिच्यासाठी तीन वर्षांची वकिली आवश्यक असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिला. जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट निवडीसाठी वकिलास सात वर्षांचा अनुभव लागतो.

अपिलात बहुधा कागद बोलतात. पहिल्या न्यायालयात माणूस समोर उभा असतो. साक्षीदाराचा अडखळणारा शब्द तेथेच ऐकू येतो, आणि बहुतेकांना न्यायाचे पहिले, कित्येकदा अखेरचेही, दर्शन तेथेच घडते. म्हणून मुलांनी या पायरीला कमी लेखू नये आणि पालकांनी तीवर घालवलेली वर्षे वाया गेली असे मानू नये.